शरदातील प्रवासाची आखणी

आश्विन महिना उजाडला म्हणजे सह्याद्रीचे रूप पालटू लागते. चार महिने डोंगरमाथ्यांवर ठाण मांडून बसलेले ढग विरळ होतात, गढूळ ओढे निवळतात आणि पावसाने धुऊन निघालेल्या हवेतून दूरदूरचे कडे हाताच्या अंतरावर आल्यासारखे स्पष्ट दिसू लागतात. उतारांवर सोनकीची पिवळी फुले डोलत असतात. खाचरांतील भात पिकू लागलेले असते. महाराष्ट्रात प्रवासाचा खरा हंगाम याच सुमारास सुरू होतो, आणि ही काही आजची गोष्ट नव्हे. मराठ्यांच्या फौजा पावसाळाभर छावणीस असत आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. त्यामागे परंपरा होती, तसाच रोकडा व्यवहारही होता. दसऱ्यापर्यंत नद्यांचे पूर ओसरत, वाटा वाळत आणि घोड्याबैलांना रानात भरपूर चारा मिळे. पावसाळ्यात चिखलात रुतणारी तोफगाडी शरदात चालू लागे.

आजच्या प्रवाशापुढे शत्रू नाही आणि चाऱ्याची चिंताही नाही. तथापि प्रश्न तेच आहेत. कोणत्या दिवशी निघावे, एका दिवसात किती वाट चालावी आणि रात्री कोठे राहावे? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट शोधणे म्हणजेच प्रवासाची आखणी करणे होय. पूर्वी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैलांच्या पायांवर अवलंबून असे. लादलेली बैलगाडी दिवसाकाठी जेवढी वाट काटू शके तेवढ्या अंतरावर पाणी आणि सावली पाहून मुक्काम पडे. पुढे तेथे धर्मशाळा उभी राही, दुकान निघे, आणि हळूहळू गावही वसे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावकडे जाणारा माल आंबोलीचा घाट चढून वर आला की गाडीवान आणि बैल दोघेही थकलेले असत. आंबोली हे गाव या मार्गावरील विसाव्याचे ठिकाण म्हणून नावारूपास आले, ते यामुळेच. मोटार आल्यावर बैलांचे हे गणित संपले, आणि त्याबरोबर मुक्कामाविषयीचा विचारही संपला. आता पाचशे किलोमीटर एका दमात तोडणे शक्य झाल्यामुळे वाटेत थांबण्याचे कारणच अनेकांना दिसेनासे झाले आहे.

ही आखणी कशी करावी हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्यात राहणारे एक पाच माणसांचे कुटुंब आहे, अशी कल्पना करावी. आई, वडील, आठवीतील मुलगा, सहावीतील मुलगी आणि सत्तरी गाठलेली आजी. आजीचे माहेर वेंगुर्ल्याजवळचे. लग्नानंतर ती कितीदा तरी माहेरी गेली. पण नेहमी रात्रीच्या एस.टी.ने. संध्याकाळी पुण्यास गाडीत बसावयाचे आणि पहाटे वेंगुर्ल्यास उतरावयाचे, असा तिचा परिपाठ. त्यामुळे आंबोलीचा घाट तिने झोपेत आणि अंधारात अनेकदा ओलांडला. उजेडात मात्र एकदाही पाहिला नाही. या वर्षी दिवाळीच्या सुटीत मोटारीने वेंगुर्ल्यास जावयाचे ठरले, तेव्हा आजीने एकच अट घातली. घाट दिवसा उतरावयाचा. दुसरी अट तिने घातली नाही, पण ती सर्वांना ठाऊक होती. तिचे गुडघे दुखतात. दोन तासांहून अधिक वेळ एका जागी बसणे तिला झेपत नाही.

मुलाने पहिली आखणी केली. पुणे ते वेंगुर्ले हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरांच्या वेगाने गाडी चालविली तर सात तासांहून कमी वेळ लागेल; म्हणजे सकाळी आठ वाजता निघून दुपारी तीनला समुद्रावर! भागाकार अचूक होता; पण वस्तुस्थितीशी त्याचा मेळ नव्हता. शाळेतील गणितात मोटार कधी चहासाठी थांबत नाही, तिला पथकराच्या नाक्यावर रांग लागत नाही, तिच्यापुढे उसाची गाडी येत नाही, आणि आतील आजीचे गुडघेही दुखत नाहीत. रुंद महामार्गावर विसावे धरून ताशी ५० किलोमीटर आणि घाटात ताशी २० ते २५ किलोमीटर असा हिशेब धरणे अधिक शहाणपणाचे असते. नकाशावरील अंतराशेजारी वेळेचा दुसरा रकाना मांडला की आखणीचे चित्र एकदम बदलते. पसरणीचा घाट अवघा १२-१३ किलोमीटरांचा. पण त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ द्यावा लागतो.

आता दिवस कोणता निवडावा? शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने. परंतु सृष्टिशोभेच्या दृष्टीने ते दोन महिने एकसारखे नसतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार रानफुलांसाठी जगप्रसिद्ध आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत ते मोडते. जांभ्या खडकावरील मातीचा थर तेथे इतका पातळ असतो की मोठी झाडे रुजू शकत नाहीत. लहान वनस्पतींना मात्र पावसाच्या पाण्यावर थोड्या दिवसांत फुलून, बी धरून, जीवनक्रम उरकावा लागतो. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत हा सोहळा चालतो. दिवाळीत जाणाऱ्यास तेथे वाळके गवत दिसेल. फुलेच पाहावयाची असतील तर भाद्रपदात वेगळी सहल काढावी, आगाऊ नोंदणी करावी, कारण तेथे दिवसाकाठी ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, आणि छत्री विसरू नये. सर्व काही एकाच फेरीत पाहण्याचा हव्यास धरला तर काहीच धड पाहून होत नाही. म्हणून या कुटुंबाने कास वगळले. मुलीला हे आवडले नाही.

आश्विनात आणखी एक अडचण असते, ती परतीच्या पावसाची. नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतात. पण जाताजाता ते दुपारनंतर विजांचा गडगडाट करून जातात. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी असह्य उकाडा, चार वाजता काळा ढग आणि पाचाला धो धो पाऊस, असा हस्त-चित्रा नक्षत्रांतील दिवसांचा क्रम असतो. उन्हाने तापलेली जमीन आणि हवेतील उरलेली वाफ यांचा तो परिणाम होय. पावसाळ्यात भिजून सैल झालेल्या दरडींचा धोकाही तोवर पुरता गेलेला नसतो. कार्तिक लागला की हा खेळ बहुधा थांबतो. आकाश निवळते, पहाटे दव पडू लागते. सुटीचा विचार करता या कुटुंबास कार्तिकातच निघणे भाग होते, आणि हवेच्या दृष्टीने तेच चांगले होते. भाऊबीज झाल्यावर तीन दिवसांनी, शुद्ध पंचमीस, निघावयाचे ठरले.

मात्र कार्तिकातील दिवस लहान असतो. जूनमध्ये पुण्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो; नोव्हेंबरच्या आरंभी तो सहाच्या सुमारासच मावळतो. शिवाय आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. त्यामुळे सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत रस्ता दिसेनासा होतो. उत्तरेकडील थंड देशांत हा प्रकाश बराच वेळ रेंगाळतो, म्हणून तेथील प्रवासवर्णने वाचून आपली वेळापत्रके आखू नयेत. ज्या मुक्कामाची शोभा पाहावयाची तेथे सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास पोहोचले पाहिजे. सहा वाजता सूर्य मावळणार, म्हणून चारला मुक्कामी; म्हणजे वाटेतील विसावे धरता एका दिवसात पाच तासांहून अधिक गाडी चालवावयाची नाही. सगळ्या आखणीचा पाया या एका हिशेबावर उभा आहे. अर्थात गाडी चालविणाऱ्याच्या जीवाचा प्रश्नही यातच येतो. माणसाच्या शरीरास पहाटेपूर्वी आणि दुपारच्या जेवणानंतर झोप अनावर होत असते. त्या वेळी हाती चाक असेल तर क्षणभराची डुलकी पाच जणांच्या जिवावर बेतते. रात्रभर गाडी हाकून सकाळी दर्शनास पोहोचण्याची जी प्रौढी अनेक लोक मिरवितात, ती खरोखर प्रौढी मिरविण्याजोगी नाही.

पहिला मुक्काम महाबळेश्वरास करावा, असे सर्वांच्या मनात प्रथम आले. परंतु दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वरास मुक्काम करणे म्हणजे वनश्री सोडून गर्दी पाहावयास जाणे होय. म्हणून वाईची निवड झाली. पुण्यापासून वाई सुमारे ९० किलोमीटर. शिरवळजवळ नीरा ओलांडून, खंबाटकीचा घाट चढून-उतरून गाडी दुपारपूर्वीच तेथे पोहोचते. पहिला दिवस मुद्दामच लहान ठेवावा. कारण निघावयाच्या दिवशी कुलूप, किल्ल्या आणि विसरलेली औषधे यांत तासभर हमखास मोडतो. कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधविले. देवळाची मागील भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती केलेली दिसते. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोहो बाजूंस दुभंगावे, अशी ती योजना आहे. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधणाऱ्याने नदीशी झुंज न घेता तिला वाट करून दिली, हे मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे. तेथून थोड्याच अंतरावर मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आणि चंद्राकृती घाट आहे. घाटावरील देवळाजवळ टांगलेली प्रचंड घंटा मूळची ख्रिस्ती देवालयातील. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर ती इकडे आली. सायंकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसावयास आजीला कोणाचा हात धरावा लागेल खरा, पण चढणे-उतरणे फार नाही. वाईतच मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पसरणीचा घाट चढावयाचा. वळणावळणाने वाईचे खोरे खाली जात राहते आणि पाचगणी जवळ येताच हवा गार होते. पाचगणीहून महाबळेश्वर अवघे १९ किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात झाडी बदलते, मातीचा वास बदलतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. खालच्या वाईत त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. समुद्रावरून आलेले वाफभरले वारे सह्याद्रीचा कडा चढताना थंड होऊन आपला भार पश्चिमेच्या माथ्यावरच टाकतात आणि पूर्वेकडे उतरताना रिकामे व कोरडे होतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछाया’ म्हणून जो शब्द मुले पाठ करतात, तो येथे एका सकाळी डोळ्यांनी पाहता येतो.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम तेथे एकत्र मानले जातात. यांपैकी सावित्री पश्चिमेस कडा उतरून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास जाते. एकाच डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक समुद्र इकडे गाठतो आणि दुसरा तिकडे. दोघांमधील अंतर कदाचित वीतभर असेल. मुलांनी येथे आपल्या वहीत कृष्णा आणि कोयना ही दोन नावे लिहून ठेवावी, असे वडिलांनी सुचविले. कारण दुसऱ्या दिवशी त्यांची पुन्हा गाठ पडणार होती. दुपारी गर्दी वाढण्यापूर्वीच केळघरचा घाट उतरून, वेण्णेच्या खोऱ्यातून, मेढ्यावरून साताऱ्यास यावयाचे. सातारा हा या प्रवासात केवळ झोपेचा मुक्काम आहे. असा एखादा मुक्काम आखणीत असावाच. रोजच काही भव्य पाहिले म्हणजे भव्यतेचाही कंटाळा येतो.

तिसरा दिवस महामार्गाचा. सातारा ते कोल्हापूर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर, आणि पुढे पन्हाळा २० किलोमीटर. वाटेत कऱ्हाडास उतरून प्रीतिसंगम पाहावयाचा. महाबळेश्वरी निघालेली कृष्णा उत्तरेकडून येते. कोयना सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेच्या जणू समोर येऊन उभी राहते. बहुतेक नद्या एकमेकींस तिरक्या मिळतात. या दोघी समोरासमोर भेटून एकत्र पूर्वेस वळतात. संगमावर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. आदल्या दिवशी वहीत लिहिलेल्या दोन नावांना येथे कंसाची खूण करून जोडावयाचे, असे मुलीने ठरविले.

या भागात एका गोष्टीपासून सावध राहावे लागते. कार्तिकात उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झालेला असतो. मराठवाड्यातून आणि अहिल्यानगरकडून ऊसतोडणीस आलेली कुटुंबे फडाजवळ खोपटी घालून राहतात आणि कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर उसाने काठोकाठ भरून रस्त्यावर येतात. दिवसा हे दृश्य मनोहर असते. गुऱ्हाळांच्या चुलाणांतून उठणारा कढत रसाचा वास मैलभर येतो. अंधार पडल्यावर मात्र त्याच गाड्यांचा धोका वाटतो, कारण मागील बाजूस दिवा नसलेली उसाची गाडी काळोखात अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. दोष केवळ गाडीवानाचा नव्हे. त्यालाही कारखान्याच्या दारातील रांग गाठावयाची असते. प्रवाशाच्या हाती एवढेच आहे की सायंकाळनंतर या रस्त्यावर असू नये. पन्हाळ्याचा मुक्काम चारच्या आत गाठावयाचा, यामागे हेही कारण आहे.

पन्हाळगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९७५ मीटर. गाडी थेट गडावर जाते, म्हणून आजीलाही तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहता येईल. धान्य साठविण्याची अंबरखान्याची दगडी कोठारे पाहिली म्हणजे गड लढतो तो केवळ तलवारीने नव्हे, हे ध्यानात येते. सिद्दी जौहराच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० च्या जुलै महिन्यात भर पावसात येथूनच निसटून विशाळगडास गेले. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत पन्हाळाही आहे. मुक्कामाची खोली शक्यतो पश्चिमेकडील तटाच्या बाजूस मागून घ्यावी. त्या दिवशी शुद्ध सप्तमी असेल. अर्धा चंद्र सायंकाळीच डोक्यावर दिसेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल. पूर्वेस कृत्तिकांचा झुबका उगवलेला असेल. कार्तिकातील पौर्णिमेचा चंद्र या कृत्तिकांच्या आसपास असतो, म्हणूनच महिन्याचे नाव कार्तिक. शहरात दिव्यांच्या झगमगाटामुळे पंचांगातील ही नावे केवळ छापील राहिली आहेत.

चौथा दिवस हा आखणीतील कळीचा दिवस होय. पन्हाळ्याहून कोल्हापूर, तेथून महामार्गाने निपाणी, आणि मग उत्तूर, आजरा यांवरून आंबोली. सर्व मिळून सुमारे १४० किलोमीटर. मुलाचे म्हणणे असे होते की त्याच दिवशी घाट उतरून वेंगुर्ल्यास का जाऊ नये? पुढे राहते ते अवघे ६० किलोमीटर. प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु वेळेच्या रकान्यात पाहिले तर उत्तर सापडते. आजरा सोडल्यावर गाडी आंबोलीस तीनच्या पुढे पोहोचणार. थकलेला चालक, कललेला सूर्य आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरणारा घाट. म्हणजे प्रत्येक दुसऱ्या वळणावर ऊन थेट डोळ्यांत. कोठे अर्धा तास मोडला तर घाट अंधारातच उतरावा लागेल, आणि मग आजीने आयुष्यभर जे पाहिले नाही ते याही वेळी राहून जाईल. ज्या गोष्टीसाठी प्रवास करावयाचा तीच दिवसाच्या शेवटच्या तासावर सोपवू नये. म्हणून मुक्काम आंबोलीस, बैलगाड्यांच्या काळात पडत असे तेथेच.

वाटेत आजऱ्यास थांबून जेवण उरकावे आणि इंधन भरून घ्यावे. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ सुवासासाठी नावाजलेला आहे. कापणीचे दिवस असल्यामुळे रस्त्याच्या दोहो बाजूंस भाताच्या पेंढ्या रचलेल्या दिसतील. आंबोलीची उंची पन्हाळ्याहून कमी, सुमारे ६९० मीटर. पण महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. गावाजवळच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाची नवी जात म्हणून २०२० साली शास्त्रीय नोंद झाली आणि २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. हिरण्यकेशीचे पाणी पुढे घटप्रभेस आणि घटप्रभेतून कृष्णेस मिळते. म्हणजे चार दिवस मागे सोडलेली कृष्णा येथेही पुन्हा भेटतेच. सायंकाळी कड्यावर उभे राहिले म्हणजे खाली तळकोकण पसरलेले दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूर क्षितिजाशी समुद्राची रेघ चमकते.

घाट उतरण्यासंबंधी दोन गोष्टी चालकाने विसरू नयेत. उतारावर सतत पायरोधक दाबून ठेवला तर घर्षणाने तो तापतो आणि तापलेला रोधक पकड सोडतो. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्याच ओढीने वेग आवरावा. जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. दुसरे असे की अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावयाची असते. कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे कठीण जाते. भ्रमणध्वनीवरील नकाशा डोंगरात मध्येच मुका होतो, म्हणून एक कागदी नकाशा आणि मुक्कामांचे पत्ते लिहिलेला कागद जवळ असू द्यावा. अतिरिक्त चाकातील हवा निघण्यापूर्वीच तपासावी. चाक बदलण्याची वेळ येते ती नेमकी वळणावरच.

पाचव्या दिवशी मुळीच घाई नाही. आंबोलीस सकाळी धुके असते. ते वर उचलले जाईपर्यंत थांबावयाचे. मग उन्हे अंगावर घेत, प्रत्येक मोकळ्या वळणावर गाडी बाजूस उभी करून, आजीला जेथे उतरावेसे वाटेल तेथे उतरवीत, ३० किलोमीटरांवरील सावंतवाडीस यावयाचे. मोती तलावाच्या काठी विसावा घेऊन लाकडी खेळण्यांची दुकाने पाहावयाची आणि दुपारच्या जेवणास वेंगुर्ल्यास पोहोचावयाचे. तेथे दोन रात्री. आजीच्या माहेरी आता थोरला भाऊ तेवढा आहे. पुढील कार्यक्रम त्याच्या हाती. परतीचा प्रवास मात्र सरळ महामार्गाने, कोल्हापुरास एक रात्र काढून करावयाचा. एकदा पाहिलेले पुन्हा पाहण्याचा उत्साह परतताना कोणातच उरत नाही.

असा आठ दिवसांचा तक्ता तयार झाला. मुलाने तो चौरसाच्या कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरविला. गाव, अंतर, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ. एकूण आकडा येण्याजाण्याचे मिळून ९०० किलोमीटरांच्या घरात गेला. आजीने चष्मा लावून तो तक्ता वाचला आणि आंबोलीच्या ओळीवर बोट ठेवून निघण्याची वेळ विचारली. मुलीने पेन्सिल घेतली आणि तेथील ‘सकाळी ७’ खोडून ‘धुके गेल्यावर’ असे लिहिले.